फोर्ट स्ट्रीट मॉडेल स्कूल : ऑस्ट्रेलियातील सार्वजनिक शिक्षणाच्या प्रारंभाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

भारतात 'पब्लिक स्कूल' हा शब्द उच्चारताच भरमसाट शुल्क आकारणारी खाजगी शाळा डोळ्यांसमोर येते. ऑस्ट्रेलियात मात्र याच शब्दाने शासनाच्या खर्चाने चालणारी, सर्वांस खुली असलेली शाळा सूचित होते. हा अर्थ तेथे दीर्घ संघर्षातून रूढ झाला. त्या संघर्षाच्या केंद्रस्थानी सिडनी येथील फोर्ट स्ट्रीट मॉडेल स्कूल ही १८४९ मध्ये स्थापन झालेली शाळा होती. तिच्या प्रारंभीच्या इतिहासाच्या आधारे 'सार्वजनिक शिक्षण' ही संकल्पना कशी घडली आणि तिच्या मर्यादा कोणत्या होत्या, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१७८८ मध्ये स्थापन झालेल्या न्यू साऊथ वेल्स या ब्रिटिश वसाहतीत शिक्षण हे प्रामुख्याने चर्चचे कार्य मानले जात असे. अँग्लिकन, रोमन कॅथलिक, प्रेस्बिटेरियन इत्यादी पंथांच्या शाळा स्वतंत्रपणे चालत. विरळ लोकवस्तीच्या प्रदेशात एकाच गावी दोन-तीन दुबळ्या शाळा आणि शेजारच्या विस्तीर्ण टापूत एकही नाही, अशी स्थिती त्यामुळे उद्भवली. गव्हर्नर रिचर्ड बर्क यांनी १८३० च्या दशकात आयर्लंडच्या धर्तीवर सर्व पंथांच्या मुलांसाठी सामाईक शाळा काढण्याची योजना मांडली; परंतु विल्यम ब्रॉटन या अँग्लिकन धर्मगुरूंसह अनेकांच्या विरोधामुळे ती बारगळली. १८४४ मध्ये रॉबर्ट लो यांच्या अध्यक्षतेखालील समितीने वसाहतीतील ४ ते १४ वयोगटातील सुमारे २५,००० मुलांपैकी जवळजवळ १३,००० मुलांना कोणतेच शिक्षण मिळत नसल्याचे निदर्शनास आणले. पंथीय वादाची किंमत निम्म्याहून अधिक मुले मोजत होती, असाच या आकड्यांचा अर्थ होता.

अखेर १८४८ मध्ये गव्हर्नर चार्ल्स फिट्झरॉय यांच्या काळात तडजोड झाली. पंथीय शाळांसाठी एक आणि 'राष्ट्रीय' शाळांसाठी दुसरे, अशी दोन मंडळे नेमण्यात आली. राष्ट्रीय शिक्षण मंडळाचे अध्यक्षपद जॉन ह्यूबर्ट प्लंकेट या आयरिश कॅथलिक विधिज्ञाकडे होते. आयर्लंडमध्ये तयार झालेली क्रमिक पुस्तके या शाळांसाठी स्वीकारण्यात आली. सामान्य शिक्षण सर्वांना एकत्र द्यावे आणि विशिष्ट पंथाचे धर्मशिक्षण स्वतंत्र वेळी त्या त्या पंथाच्या धर्मगुरूने द्यावे, हे या व्यवस्थेचे मूलतत्त्व होते.

शाळेची स्थापना व स्वरूप

मंडळाला आपली पद्धत प्रत्यक्ष दाखविणारी एक आदर्श शाळा हवी होती. त्यासाठी सिडनी बंदरालगतच्या, आज ऑब्झर्व्हेटरी हिल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकडीवरील लष्करी रुग्णालयाची इमारत निवडण्यात आली. गव्हर्नर मॅक्वारी यांच्या कारकिर्दीत, १८१५ मध्ये ही इमारत उभारली गेली होती. शासकीय वास्तुविशारद मॉर्टिमर लुईस यांनी तिचे शाळेत रूपांतर केले. सैनिकांच्या शुश्रूषेसाठी बांधलेली वास्तू अशा रीतीने मुलांच्या शिक्षणासाठी उपयोगात आली.

येथे मुलांना शिकविणे आणि शिक्षक घडविणे ही दोन्ही कामे एकत्र चालत. जानेवारी १८५१ मध्ये इंग्लंडहून आलेल्या विल्यम विल्किन्स यांनी मुख्याध्यापकपद स्वीकारल्यानंतर या दुहेरी भूमिकेस निश्चित आकार आला. विल्किन्स हे के-शटलवर्थ यांनी लंडनजवळ बॅटरसी येथे स्थापन केलेल्या अध्यापक विद्यालयात तयार झाले होते. त्यांनी विद्यार्थ्यांची प्रगतीनुसार वर्गवारी केली आणि विद्यार्थी-शिक्षक पद्धत सुरू केली. या पद्धतीत हुशार किशोरवयीन विद्यार्थी अल्प वेतनावर खालच्या वर्गांना शिकवीत आणि मुख्याध्यापकांकडून स्वतः पुढील शिक्षण घेत. ही व्यवस्था स्वस्त होती, तशीच ती कष्टाचीही होती. परंतु त्याच वर्षी सोन्याच्या खाणींचा शोध लागून सर्वत्र मनुष्यबळाची टंचाई निर्माण झाली असता शिक्षक मिळविण्याचा तो एक व्यवहार्य मार्ग ठरला. फोर्ट स्ट्रीटमध्ये तयार झालेले शिक्षक दूरच्या गावी गेले आणि एका शाळेची शिस्त, वेळापत्रक व अध्यापनपद्धती वसाहतभर पोहोचली. या शाळेचे खरे ऐतिहासिक महत्त्व येथेच आढळते.

विल्किन्स यांनी १८५४ पासून निरीक्षक म्हणून आणि पुढे शिक्षण प्रशासनाचे सचिव म्हणून हीच पद्धत व्यवस्थेत रुजविली. शाळेच्या प्रारंभीच्या विद्यार्थ्यांत ऑस्ट्रेलियाचे पहिले पंतप्रधान एडमंड बार्टन यांचा समावेश होतो.

राष्ट्रीय शाळेकडून सार्वजनिक शाळेकडे

हेन्री पार्क्स यांच्या पुढाकाराने संमत झालेल्या १८६६ च्या पब्लिक स्कूल्स ॲक्टने दोन्ही मंडळे रद्द करून एकच शिक्षण परिषद स्थापन केली आणि 'राष्ट्रीय' शाळा 'पब्लिक स्कूल' म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. १८८० च्या पब्लिक इन्स्ट्रक्शन ॲक्टने ६ ते १४ वयोगटासाठी शाळेतील उपस्थिती सक्तीची केली. पंथीय शाळांचे शासकीय साहाय्य १८८२ च्या अखेरीस बंद झाले.

तथापि 'सार्वजनिक' या शब्दाची व्याप्ती तपासून पाहणे आवश्यक ठरते. १८८० नंतरही प्रत्येक मुलामागे आठवड्याला तीन पेन्स शुल्क आकारले जाई. प्राथमिक शिक्षण १९०६ मध्ये निःशुल्क झाले. याहून गंभीर बाब आदिवासी मुलांची होती. गोऱ्या पालकांच्या हरकतीमुळे १८८३ मध्ये यास येथील शाळेतून आदिवासी मुलांना काढून टाकण्यात आले, आणि १९०२ पासून अशी हरकत येताच त्यांना वगळण्याचे धोरणच अवलंबिले गेले. ज्या टेकडीवर ही आदर्श शाळा उभी राहिली, ती मूळची गॅडिगल लोकांची भूमी होती, हे लक्षात घेतले असता हा विरोधाभास अधिक तीव्रतेने जाणवतो. पंथाची भिंत ओलांडणारी व्यवस्था वंशाच्या भिंतीपाशी मात्र थांबली.

समारोप

१९११ मध्ये फोर्ट स्ट्रीटमधून मुलांची व मुलींची स्वतंत्र माध्यमिक विद्यालये निर्माण झाली. मुलांचे विद्यालय १९१६ मध्ये पीटरशॅम येथे गेले आणि १९७० च्या दशकात दोन्ही विद्यालये तेथेच एकत्र आली. जुनी इमारत पुढे नॅशनल ट्रस्ट या वारसा-संवर्धन संस्थेकडे गेली.

प्रत्येक मनुष्य आपल्या भाग्याचा शिल्पकार असतो, अशा आशयाचे लॅटिन वचन या विद्यालयाने ब्रीद म्हणून स्वीकारलेले आहे. शाळेचा प्रारंभीचा इतिहास मात्र या वचनाला एक महत्त्वाची पुस्ती जोडतो. व्यक्तीला आपले भाग्य घडविता यावे, यासाठी सार्वजनिक निधी, प्रशिक्षित शिक्षक आणि भेदरहित प्रवेश या तीन गोष्टी समाजाने आधी उभ्या कराव्या लागतात. फोर्ट स्ट्रीटच्या काळात पहिल्या दोन गोष्टींचा पाया घातला गेला. तिसरी मात्र दीर्घकाळ अपूर्ण राहिली. म्हणूनच एखादी शाळा 'सार्वजनिक' आहे की नाही हे ठरविताना, तिचा खर्च कोण करतो या प्रश्नासोबतच तिच्या दारातून कोणाला परत पाठविले जाते, हा प्रश्नही इतिहासाच्या अभ्यासकाने विचारणे अगत्याचे आहे.