एका गावाचे चार पत्ते

येशूला क्रुसावर दिल्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी त्याचे दोन अनुयायी यरुशलेम सोडून अम्माऊस नावाच्या गावाकडे निघाले. त्यांपैकी एकाचे नाव क्लयपा. वाटेत एक अनोळखी माणूस त्यांच्या सोबत चालू लागला. दिवस कलला म्हणून दोघांनी त्याला मुक्कामाचा आग्रह केला. जेवायला बसल्यावर त्याने भाकर मोडली, तेव्हा हा येशूच आहे हे त्यांना उमगले, आणि त्याच क्षणी तो दिसेनासा झाला. लूकच्या शुभवर्तमानातला हा प्रसंग काराव्हाज्जो आणि रेम्ब्रांट यांनी चित्रांत अमर केला. पण ते गाव नेमके कुठले, हा वाद पंधराशेहून अधिक वर्षे चालू आहे.

या वादाचे मूळ एका आकड्यात आहे. लूकच्या बहुतेक जुन्या हस्तलिखितांत हे गाव यरुशलेमपासून 60 स्टेडिया दूर असल्याचे म्हटले आहे. हे ग्रीक माप साधारण 185 मीटरचे, म्हणजे अंतर झाले अकरा किलोमीटर. चौथ्या शतकातल्या कोडेक्स सायनायटिकस या ख्यातनाम हस्तलिखितात मात्र 160 स्टेडिया आहे, म्हणजे जवळपास तीस किलोमीटर. आणि यरुशलेमच्या पश्चिमेला, डोंगर उतरून मैदानाला लागण्याच्या जागी, तेवढ्याच अंतरावर अम्माऊस नावाचे एक गाव खरोखरच होते.

ते गाव चांगलेच नावाजलेले होते. इ.स.पू. 165च्या सुमारास यहुदी बंडाचा नेता यहूदा मक्काबी याने तिथे ग्रीक राजाच्या सैन्याचा पराभव केला. इ.स.पू. 4 मध्ये रोमन सरदार वारूसने ते जाळले. पुढे इ.स. 221च्या सुमारास तिथल्या ज्युलियस आफ्रिकानस या ख्रिस्ती विद्वानाने सम्राटाकडे शिष्टमंडळ नेले. गावाला शहराचा दर्जा आणि निकोपोलिस हे नवे नाव मिळाले. चौथ्या शतकात युसेबियस या ख्रिस्ती इतिहासकाराने पवित्र ग्रंथातल्या स्थळांची सूची केली, तेव्हा क्लयपाचे गाव म्हणून त्याने याच निकोपोलिसकडे बोट दाखवले. नंतर बायबलचा अनुवादक जेरोम यानेही तेच सांगितले आणि तिथे मोठे चर्च उभे राहिले. शहराचे ग्रीक नाव कालांतराने मागे पडले, पण अरबांच्या तोंडी जुने नाव 'इमवास' म्हणून टिकले. सातव्या शतकात मुस्लिम सैन्यात पसरलेल्या आणि प्रेषित मुहम्मदांचे साथी अबू उबैदा यांचा बळी घेणाऱ्या प्लेगच्या साथीलाही याच गावाचे नाव पडले.

परंपरा, नाव आणि अवशेष हे सगळे इमवासच्या बाजूने आहे. तरीही मला ते पटत नाही. लूक सांगतो की दिवस कलल्यावर जेवायला बसलेले ते दोघे तसेच उठून यरुशलेमला परतले आणि अकरा शिष्य एकत्र जमलेले असतानाच त्यांना भेटले. इमवासहून परत यायचे तर तीस किलोमीटर, तेही यहूदियाच्या डोंगरांचा चढ चढून, आणि सकाळची तितकीच चाल पायांत असताना. शिवाय तिसऱ्या शतकातल्या मानल्या जाणाऱ्या एका पपायरसवर 60 हाच आकडा आहे. निकोपोलिसची माहिती असलेल्या कुणा लेखनिकाला 60 हा आकडा चुकीचा वाटला आणि त्याने तो श्रद्धेनेच दुरुस्त केला, असे अनेक अभ्यासक मानतात. मलाही तेच अधिक संभवनीय वाटते.

मध्ययुगात इमवास मागे पडले आणि लोक अकरा किलोमीटरच्या टप्प्यात गाव शोधू लागले. बाराव्या शतकात क्रुसेडरांनी आजच्या अबू गोश इथल्या झऱ्यावर चर्च बांधले. त्या भक्कम दगडी चर्चच्या तळघरात आजही तो झरा दिसतो. पुढे फ्रान्सिस्कन साधूंनी अल-कुबैबा हेच अम्माऊस मानले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे नवे चर्च उभारले. दोन्ही ठिकाणी अंतर बरोबर जुळते, पण येशूच्या काळी यांपैकी एकाही गावाला अम्माऊस म्हणत असल्याचा पुरावा नाही.

चौथा पत्ता इतिहासकार जोसेफसच्या लेखनातून मिळतो. रोमविरुद्धच्या यहुदी युद्धानंतर सम्राट व्हेस्पेशियनने 800 निवृत्त सैनिकांना यरुशलेमपासून 30 स्टेडियांवरच्या अम्माऊस नावाच्या गावी जमिनी दिल्या, असे तो लिहितो. सैनिकांच्या त्या वसाहतीमुळे पुढे गावाचे नाव कालोनिया झाले. जवळच्या मोत्सा या जुन्या वस्तीच्या परिसरातले हे ठिकाण. अंतर निम्मेच भरते, ही अडचण खरी. पण लूकने जाण्यायेण्याचे अंतर मिळून 60 धरले असावे, असा तर्क काहींनी केला आहे. नाव त्याच शतकातले, गाव लहान आणि संध्याकाळी जेवून उठल्यावर तासा-दीड तासात शहर गाठता येईल असे. चारांतून एक निवडायचे झाले तर मी कालोनियाच निवडेन.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकन विद्वान एडवर्ड रॉबिन्सन स्थानिक अरबी नावांच्या आधारे बायबलमधली गावे शोधत फिरला, तेव्हा त्याने कौल दिला तो इमवासलाच. 1924 ते 1930 या काळात व्हिन्सेंट आणि आबेल या दोन डोमिनिकन पाद्र्यांनी तिथल्या चर्चचे उत्खनन करून 1932 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. ते खणत होते तेव्हा इमवास नांदते गाव होते.

जून 1967च्या युद्धात इस्रायली सैन्याने इमवासच्या रहिवाशांना हाकलून घरे जमीनदोस्त केली. शेजारच्या यालो आणि बेत नुबा या गावांचीही तीच गत झाली. पुढे त्या जमिनीवर कॅनडातल्या देणग्यांतून 'कॅनडा पार्क' हे उद्यान झाले. त्याआधी, एप्रिल 1948 मध्ये, कालोनियाचे अरब गावही असेच पाडले गेले होते. ज्या दोन गावांनी अम्माऊस हे नाव खरोखर धारण केले होते, त्यांतली घरे आज उरलेली नाहीत. अबू गोश आणि अल-कुबैबा इथे मात्र अजून वस्ती आहे आणि भाविकही तिथे जातात.