वैतरणेकाठची वेठ आणि जिनीव्हाचा करारनामा

आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचे सभासदत्व राष्ट्रास लाभदायक होते की खर्चाचे, ह्या प्रश्नाचा निर्णय बहुधा राजधानीतील दप्तरावरून केला जातो. त्या दप्तरात ज्यांचे नाव नाही अशा मजुरांकडून हा हिशेब तपासून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी आम्ही वैतरणेचे खोरे निवडले आहे. त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावून, पिंजाळ व सूर्या ह्यांचे पाणी घेत ही नदी पूर्वीच्या ठाणे, व २०१४ पासूनच्या पालघर, जिल्ह्यातून समुद्रास मिळते. ह्या मुलखातील वारली व कातकरी पिढ्यान्‌पिढ्या सावकार-जमीनदाराची वेठ करीत आले. खावटीचे धान्य किंवा लग्नाचा खर्च कर्जाऊ घेतला की कुळाचा ‘लग्नगडी’ होई आणि त्याचे श्रम धन्याकडे गहाण पडत.

व्हर्सायच्या तहावर सही केल्यामुळे हिंदुस्थान परतंत्र असूनही १९१९ मध्ये संघटनेचा मूळ सभासद झाला. वॉशिंग्टनच्या पहिल्या परिषदेस मजुरांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी गेले; परंतु त्यांची निवड सरकारने केली होती. प्रतिनिधी मजुरांनीच निवडावा, ही निकड १९२० मध्ये मुंबईस अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन होण्याचे एक प्रमुख कारण ठरली. कामाच्या तासांच्या करारनाम्यात हिंदुस्थानासाठी आठवड्यास ६० तासांची स्वतंत्र मर्यादा होती. सरकारने तो १९२१ मध्ये मान्य केला व १९२२ च्या कारखाना कायद्यात ती मर्यादा आली. हा लाभ खरा. तथापि तो गिरणीच्या फाटकापाशी थांबला. वैतरणेकाठच्या लग्नगड्यास ना घड्याळ होते, ना हजेरीपट.

त्याचा प्रश्न जिनीव्हात आला तो १९३० मध्ये. त्या वर्षीच्या २९ व्या करारनाम्याने शिक्षेच्या धाकाने, मनाविरुद्ध घेतलेले काम म्हणजे सक्तीची मजुरी, अशी व्याख्या केली. ती शक्य तितक्या अल्प काळात बंद करावी असे ठरविले. आणि खाजगी व्यक्तीच्या लाभासाठी सरकारने ती लादू नये वा चालूही देऊ नये, असे बजावले. ब्रिटनने १९३१ मध्ये त्यास संमती दिली. हिंदुस्थानची संमती मिळाली ती ३० नोव्हेंबर १९५४ रोजी, म्हणजे चोवीस वर्षांनी.

ह्या अवधीत खोऱ्यात काय चालले होते? १९३७ नंतर मुंबई सरकारच्या वतीने सिमिंग्टन ह्या सनदी अधिकाऱ्याने आदिवासींच्या स्थितीची चौकशी केली. मालकाला हवे तितके दिवस कुळाने राबावे आणि नकार दिल्यास मार खावा, असे वेठीचे स्वरूप त्याच्या अहवालात नमूद आहे. मनाविरुद्ध काम करविणे हा १८६० च्या दंडसंहितेच्या ३७४ व्या कलमान्वये गुन्हाच होता; उणीव कायद्याची नव्हती, तो चालविणाऱ्या हाताची होती. अखेर मे १९४५ मध्ये, शामराव व गोदावरी परुळेकर ह्यांच्या किसान सभेच्या नेतृत्वाखाली, उंबरगाव तालुक्यातील झरी येथे हजारो वारली जमले. वेठ करावयाची नाही व बारा आण्यांहून कमी रोजावर राबावयाचे नाही, असे त्यांनी ठरविले. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्यास पोलिसांच्या गोळ्यांनी पाच जण मारले गेले. सरकारच्या संमतीची वाट न पाहता वेठ मोडू लागली होती.

मग सभासदत्व निरुपयोगी म्हणावे काय? आमच्या मते तसे म्हणणे घाईचे होईल. १९५० च्या राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने वेठ निषिद्ध केली. १९५४ च्या संमतीमुळे तिच्या निर्मूलनाचा अहवाल बाहेरच्या जगास देण्याचे बंधन सरकारवर आले. पुढे १९७६ मध्ये वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला, आणि १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी दराने करविलेले कामही सक्तीचे काम ठरविले. परंतु त्याच १९८२ मध्ये, वैतरणेच्या दक्षिणेस वसई तालुक्यात, वेठबिगारांच्या मुक्तीच्या कार्यातून श्रमजीवी संघटना उभी राहावी लागली, ही गोष्टही ह्याच हिशेबात मांडली पाहिजे.

सारांश, वर्गणी व वार्षिक अहवालांचे श्रम हा सभासदत्वाचा लहान खर्च होय. मोठा खर्च विलंबाचा, आणि तो खजिन्याने नव्हे, वारल्याने भरला. उलटपक्षी, दुबळ्याच्या तक्रारीस जगाने मान्य केलेले माप मिळाले, हा लाभही लहान नव्हे. मात्र ते माप हाती घेऊन मोजावयास कोणीतरी गावात उभे राहिले तरच ते उपयोगी पडते, असे वैतरणेच्या खोऱ्याचा इतिहास आम्हांस सांगतो.