गाजर गवत, ऊन आणि कातडीचे पहारेकरी

इथं लखनौला, अमौसी विमानतळाच्या बाजूच्या मोकळ्या जागांत पावसाळ्यात कमरेएवढं गाजर गवत माजतं. तुम्ही पुण्यात असा, इंदूरला असा की बेळगावात, हे गवत तुमच्याही दारात आहेच. आज त्याच्याबद्दल बोलायचंय, पण शेतीच्या अंगानं नाही. या गवतानं अंगावर उठलेल्या माणसांनी उन्हाचं एक कोडं घातलं, त्याबद्दल. मी डॉक्टर नाही, सैन्यातून निवृत्त झालेला, इतिहास वाचणारा माणूस आहे.

सुरुवात पुण्याची. 1951 च्या सुमारास प्राध्यापक परांजपे यांना तिथल्या उकिरड्यांवर ही परकी झाडं दिसली आणि 1956 मध्ये राव यांनी त्याची शास्त्रीय नोंद छापली. अमेरिकेच्या पीएल-480 गव्हातून बी आलं, असं सगळे सांगतात. पण तो करार ऑगस्ट 1956 चा! तारखा काही जुळत नाहीत. असो. गवत पसरलं आणि शेतकरी, मजूर चेहरा, मान, कोपराच्या आतली बाजू खाजवत दवाखान्यात येऊ लागले. कातडी जाड, काळी, भेगाळलेली. उघड्या अंगावरच उठतं म्हटल्यावर संशय उन्हावर जाणारच. पण पापण्या, हनुवटीखालची जागा, कानामागची घडी, जिथं ऊन फारसं पोचत नाही, तिथंही पुरळ होतं. म्हणजे हवेतून उडणारी धूळ. पुण्याचे डॉ. लोणकर यांनी मिचेल आणि कॅल्नन यांच्याबरोबर 1974 मध्ये लंडनच्या एका नियतकालिकात हा आजार सविस्तर मांडला. गवतातलं पार्थेनिन हे द्रव्य मुख्य गुन्हेगार.

ते कातडीला लागल्यावर काय होतं? इथं जरा मागं जावं लागेल. 1868 मध्ये बर्लिनच्या पॉल लांगरहान्स नावाच्या विद्यार्थ्यानं सोन्याच्या क्षारानं कातडी रंगवली आणि त्यात फांद्याफांद्यांच्या पेशी पाहिल्या. त्याला वाटलं, हे मज्जातंतू. पुढची शंभरेक वर्षं त्यांचं खरं काम कुणाला उमगलं नाही. त्या निघाल्या पहारेकरी! परकी वस्तू दिसली की ती उचलायची, काखेतल्या किंवा जांघेतल्या लसिकाग्रंथीपर्यंत जायचं आणि तिथल्या टी-पेशींना वर्दी द्यायची. पुढच्या वेळी तीच वस्तू लागली की टी-पेशी तुटून पडतात. गाजर गवताची खाज ही अशी येते.

आता ऊन. त्याच 1974 साली अमेरिकेत मार्गारेट क्रिपकी उंदरांवर काम करत होत्या. अतिनील किरणांनी झालेली कर्करोगाची गाठ दुसऱ्या निरोगी उंदराला लावली, तर त्याचं शरीर ती हुसकावून लावायचं. पण आधी अतिनील किरण दिलेल्या उंदरात तीच गाठ बिनबोभाट वाढायची. पुढं 1980 मध्ये डॅलसच्या ट्यूज, बर्गस्ट्रेसर आणि स्ट्राइलिन यांनी दाखवलं, की किरण दिलेल्या कातडीत लांगरहान्स पेशी कमी होतात. मग तिथं ॲलर्जी आणणारं रसायन लावलं तरी ॲलर्जी जडत नाही. उन्हानं पहारेकरी गप्प होतात.

लडाखला असताना मी याचा पुरावा रोज बघत होतो, फक्त कळत नव्हता. दर हजार मीटर चढलं की अतिनील किरण साधारण 10 टक्क्यांनी वाढतात, शिवाय ताजा बर्फ त्यातले 80 टक्क्यांपर्यंत परत तोंडावर फेकतो. धडधाकट जवानांच्या ओठांवर फोड यायचे. आपल्याकडे ‘ताप उतला’ म्हणतात, तसे; पण ताप कुणालाच नसायचा. आत दबा धरून बसलेला हर्पिसचा विषाणू पहारा ढिला पडताच वर येत होता.

मग कोडं हे. ऊन जर ॲलर्जी दाबतं, तर दिवसभर उन्हात राबणाऱ्या गाजर गवताच्या रोग्याला आराम पडायला हवा. काहींचं होतं नेमकं उलटं. सुरुवातीला पुरळ गवताच्या हंगामात उठतं आणि नंतर ओसरतं. मग ते बारमाही होतं, आणि काही वर्षांनी गवत जवळपास नसतानाही नुसत्या उन्हानं अंग पेटतं. हॉक आणि मॅग्नस यांनी 1979 मध्ये अशा अवस्थेला ‘क्रॉनिक ॲक्टिनिक डर्मटायटिस’ म्हटलं. उन्हानं बदललेलं स्वतःच्याच कातडीतलं काहीतरी शरीराला परकं वाटू लागतं, असं बरेच तज्ज्ञ मानतात. एरवी आपल्या सगळ्यांच्या कातडीत असे बदल होतच असतात. ऊनच पहारेकऱ्यांना शांत ठेवतं म्हणून आपण निभावतो. मला हे स्पष्टीकरण पटतं, कारण त्यात उन्हाची दोन्ही कामं एकत्र बसतात.

अशा माणसाला ‘उन्हात जाऊ नका’ सांगणं सोपं आहे. रोजंदारीवर खुरपणी करणाऱ्यानं ते पाळायचं कसं? दिल्लीच्या एम्समध्ये ॲझाथायोप्रिन या गोळीचा चांगला उपयोग दिसला. ती टी-पेशींची वाढ रोखते, पण नुसत्या कातडीतली नव्हे, सगळ्या शरीरातली. म्हणून ती घेणाऱ्याला ठरावीक काळानं रक्ततपासणीला यावंच लागतं, आणि त्या दिवसाची मजुरी बुडते.