कुंचल्याचा फटकारा आणि मनगटाचा झटका : ‘ओकामी’ आणि त्याच्या खेळाडूंची दोन मते

१/ एप्रिल २००८. निन्टेन्डोच्या ‘वी’ या यंत्रासाठी ‘ओकामी’ हा व्हिडिओ गेम उत्तर अमेरिकेत विक्रीस आला. खेळ दोन वर्षांपूर्वीचाच होता. नवीन होती ती खेळण्याची रीत. आता हातातला रिमोट हवेत फिरवून चित्र काढायचे होते आणि तोच रिमोट झटकून लढायचे होते. खेळाडूंमध्ये लगेच दोन तट पडले. काहींना हाच खेळाचा खरा अवतार वाटला, तर काहींनी पहिल्या काही लढायांतच हात टेकले. या मतभेदाच्या मुळाशी काय होते, त्याचा हा धागा.

२/ प्रथम नावाविषयी. जपानी भाषेत ‘ओकामी’ म्हणजे लांडगा. पण तोच उच्चार वेगळ्या चिन्हांनी लिहिला की अर्थ होतो ‘थोर देवता’. खेळाची नायिका आहे अमातेरासू, जपानी पुराणकथांतील सूर्यदेवता. येथे ती शुभ्र लांडग्याच्या रूपात अवतरते. आठ मस्तकांचा ओरोची नाग, त्याच्याशी लढणारा सुसानो, बोटभर उंचीचा इस्सुन अशी लोककथांतील ओळखीची पात्रे तिच्या वाटेवर भेटत जातात.

३/ खेळ घडवला ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीच्या ‘क्लोव्हर स्टुडिओ’ या उपकंपनीने. दिग्दर्शक हिदेकी कामिया, निर्माते अत्सुशी इनाबा. आरंभी खेळाचे रूप वास्तवदर्शी त्रिमितीय ठेवण्याचा बेत होता : लांडगा धावेल तेथे फुले उमलतील, झाडे जिवंत होतील. परंतु एवढा तपशील प्लेस्टेशन २ या यंत्राला झेपणारा नव्हता. त्या अडचणीतूनच शाईच्या चित्रासारखे रूप देण्याची कल्पना पुढे आली. यंत्राच्या मर्यादेने कलेची दिशा ठरवली.

४/ ही शैली म्हणजे ‘सुमी-ए’, काजळीच्या शाईने काढलेले चित्र. पंधराव्या शतकातील सेश्शू तोयो हा या परंपरेतील सर्वांत मान्यवर चित्रकारांपैकी एक. तिचे शिस्तीचे सूत्र कठोर आहे. कागद शाई तत्काळ शोषून घेतो, त्यामुळे ओढलेली रेघ खोडता येत नाही. चित्रकाराचा अवघा विचार रेघ ओढण्यापूर्वी पुरा व्हावा लागतो. नंतर उरतो तो केवळ हात.

५/ शैली ठरली आणि तिच्यातून खेळाची मुख्य युक्ती जन्मली : ‘दिव्य कुंचला’. एक बटण दाबताच चालते दृश्य थांबते, त्याचा कागद होतो आणि खेळाडूच्या हाती कुंचला येतो. आकाशात वर्तुळ काढले की सूर्य उगवतो. वठलेल्या झाडाभोवती वर्तुळ काढले की त्याला बहर येतो. शत्रूवर सरळ रेघ ओढली की ती तलवारीसारखी कापत जाते. अशा एकेका विद्येची एकेक कुंचला-देवता, एकूण तेरा.

६/ एप्रिल २००६ मध्ये हा खेळ जपानमध्ये आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उत्तर अमेरिकेत प्रकाशित झाला. त्या वेळी कुंचला चालवावा लागे तो अंगठ्याने, नियंत्रकावरील छोट्या दांडीच्या साहाय्याने. हात स्थिर राही आणि सरळ रेघेसाठी वेगळे बटण होते. तरीही अनेक खेळाडूंच्या मनात एकच विचार येत होता : ही कल्पना अंगठ्यासाठी नाही, मनगटासाठी आहे.

७/ समीक्षकांनी खेळ डोक्यावर घेतला. जपानच्या मीडिया आर्ट्स महोत्सवात मनोरंजन विभागाचे सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळाले. ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांत कलात्मक कामगिरी आणि संगीत या दोन्हींसाठी त्याची निवड झाली. बाजाराने मात्र पाठ फिरवली. ‘वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळ’ हा मान मिळवूनही सर्वांत कमी खपलेला खेळ, अशी त्याची नोंद पुढे गिनेसच्या पुस्तकातही झाली.

८/ ऑक्टोबर २००६ मध्ये क्लोव्हर स्टुडिओ बंद करण्याचा निर्णय कॅपकॉमने जाहीर केला. अमेरिकेत खेळ येऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता. कामिया, इनाबा आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले. त्यांच्या पुढील वाटचालीतून ‘प्लॅटिनमगेम्स’ ही संस्था उभी राहिली. ‘ओकामी’ मागे राहिला, पण त्याचे निर्माते त्या घरात राहिले नाहीत. पुढील घटनांचा अर्थ लावताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

९/ त्याच सुमारास, नोव्हेंबर २००६ मध्ये, निन्टेन्डोचे ‘वी’ बाजारात आले. हातातला रिमोट हलवून खेळण्याची ही रीत घराघरांत पोहोचली. या यंत्राची एकूण विक्री १० कोटींच्या पुढे गेली. यंत्र पाहताच ‘ओकामी’च्या चाहत्यांना ओळख पटल्यासारखे झाले. हातात धरायचा रिमोट आणि पडद्यावर काढायचे चित्र! ‘वी’साठी हा खेळ आणावा, ही मागणी खेळाडूंकडूनच वाढत गेली.

१०/ कॅपकॉमने हे काम कॅलिफोर्नियातील ‘रेडी ॲट डॉन’ या स्टुडिओकडे सोपवले. काम वाटले त्याहून बिकट निघाले. मूळ स्टुडिओ विसर्जित झाल्यामुळे हाती आलेली सामग्री अपुरी होती. जुन्या संगणकांतून शोध घेऊनही काही भाग मिळाले नाहीत. ते नव्याने घडवावे लागले. कागदपत्रे गहाळ झालेल्या दफ्तरातून इतिहास जुळवावा, तशीच ही अवस्था होती. केवळ दोन वर्षांपूर्वीच्या कलाकृतीची.

११/ आता खेळाडूंची मते. पहिला तट कुंचल्यावर खूश होता. रिमोट पडद्याकडे रोखायचा, बटण दाबून आकाशात वर्तुळ फिरवायचे आणि रात्रीचा दिवस होताना पाहायचा. येथे हाताची हालचाल आणि पडद्यावरील क्रिया यांत अंतरच उरत नव्हते. अंगठ्याने दांडी ढकलताना चित्र ‘निवडल्यासारखे’ वाटे. रिमोटने ते ‘काढल्यासारखे’ वाटू लागले. खेळाची गतीही वाढली, कारण चित्र काढायला वेळ कमी लागू लागला.

१२/ दुसऱ्या तटाचा राग लढाईवर होता. अमातेरासूची शस्त्रे तीन प्रकारची : आरसा, मणिमाळ आणि खड्ग. जपानच्या राजघराण्याच्या तीन पवित्र निधींवरून ती घेतलेली आहेत. मूळ खेळात बटण दाबले की वार होई. ‘वी’वर त्यासाठी रिमोट झटकावा लागे, आणि तोही विशिष्ट लयीत. भराभर झटकले तर वारांची साखळी तुटे. चुकवून निसटण्यासाठी डाव्या हातातील नन्चक झटकायचा, तोही कधी ऐन वेळी दगा देई.

१३/ दोन्ही तटांच्या मधोमध तिसरे मतही होते. कुंचला मोकळा झाला हे खरे, पण हवेत धरलेला हात थरथरतो. सरळ रेघ वाकडी जाते आणि वर्तुळाची टोके जुळत नाहीत. मग खेळ चित्र ओळखत नाही आणि ऐन झुंजीत तेच चित्र पुन्हा काढावे लागते. प्लेस्टेशनवर आधी खेळलेल्यांना हे विशेष जाणवले. ज्यांची ओळखच ‘वी’वर झाली, त्यांना तुलनेचा काटा टोचत नव्हता.

१४/ मतांच्या या फाटाफुटीला एक ठोस तांत्रिक कारण आहे. ‘वी’च्या रिमोटमध्ये दोन वेगवेगळ्या ज्ञानेंद्रिया होत्या असे म्हणता येईल. पहिली, पुढच्या टोकाला अवरक्त किरण टिपणारा कॅमेरा. दूरदर्शन संचाजवळ ठेवलेल्या पट्टीतील अवरक्त दिवे तो पाहतो आणि त्यांवरून रिमोट पडद्यावर कोठे रोखला आहे हे काढतो. दुसरी, त्वरणमापक : हाताला किती जोराचा झटका बसला एवढेच ती सांगते.

१५/ कुंचला पहिल्या इंद्रियावर चाले, लढाई दुसऱ्यावर. पहिल्याला जागा नेमकी कळत होती. दुसऱ्याला झटका कळे, पण हात कोणत्या हेतूने व कसा फिरला याचा पुरता थांग लागत नसे. एकाच रिमोटविषयी एकाच खेळाडूचे मत कुंचल्याला अनुकूल आणि लढाईला प्रतिकूल का असे, याचे उत्तर येथे आहे. हालचाल अधिक बारकाईने ओळखणारी ‘मोशनप्लस’ ही जोडणी २००९ मध्ये आली. ‘ओकामी’ला तिचा लाभ मिळाला नाही.

१६/ पण तंत्राने सगळे उलगडत नाही. मराठीत कुंचल्याच्या जोरकस रेघेला ‘फटकारा’ म्हणतात आणि चाबकाच्या तडाख्यालाही ‘फटकारा’च. ‘वी’च्या खेळाने या दोहोंना एकाच मनगटात आणले, खेळाडूंनी ते पुन्हा वेगळे केले. चित्र काढताना हात जे करतो तेच कथेतही घडते. लढताना मात्र झटका ही बटणाची बदली होती : हात हवेत हलतो आणि लांडगा पडद्यावर भलतेच काही करतो. हालचालीला अर्थ असेल तर खेळाडू चूक सोसतो. अर्थ नसेल तर अचूकतेनेही त्याचे समाधान होत नाही.

१७/ आक्षेप केवळ हातांविषयीचे नव्हते. मूळ खेळात सर्व दृश्यावर जाडसर कागदाचा पोत जाणवत असे. ‘वी’वर तो फिका झाल्याची तक्रार जाणकार खेळाडूंनी केली. मुखपृष्ठावरील चित्रात एका प्रसिद्ध गेम-संकेतस्थळाची पुसट मुद्रा तशीच राहून गेल्याचेही त्यांनीच हेरले. कॅपकॉमला चूक मान्य करून बदली मुखपृष्ठे विनामूल्य द्यावी लागली.

१८/ सर्वांत खोल जखम शेवटी होती. ‘वी’च्या आवृत्तीतून समारोपाची श्रेयनामावलीच गाळण्यात आली. तिच्या चित्रफितीत क्लोव्हरचे बोधचिन्ह होते. ते वापरण्याचा अधिकार नाही आणि चिन्हाविना ती फीत उपलब्ध नाही, असे कंपनीचे स्पष्टीकरण होते. कामिया यांनी जाहीरपणे खंत व्यक्त केली. चाहत्यांच्या नाराजीनंतर ती नावे संकेतस्थळावर देण्याची तयारी कंपनीने दाखवली. खेळाडूच्या हाताला स्वातंत्र्य देणाऱ्या आवृत्तीतूनच, तो खेळ घडवणाऱ्या हातांची नावे नाहीशी झाली होती.

१९/ पुढील आवृत्त्यांतून या मतांचा निवाडा होत गेला. २०१० मध्ये ‘ओकामीदेन’ हा लहान मुलांसारख्या रूपाचा उत्तरभाग ‘निन्टेन्डो डीएस’वर आला, तेथे कुंचला म्हणजे काचेवर टेकणारी लेखणी. २०१२ च्या प्लेस्टेशन ३ आवृत्तीत हालचालींवर चालणारा ‘मूव्ह’ नियंत्रक ऐच्छिक होता. २०१८ मध्ये ‘स्विच’वर पडद्याला बोट लावून, रिमोट फिरवून किंवा जुन्या दांडीने, हवे तसे चित्र काढता येऊ लागले आणि वार करण्यासाठी बटण होतेच. कुंचल्याची हालचाल टिकली. लढाईच्या झटक्याची सक्ती गेली. २००८ च्या भांडणात दोन्ही तट आपापल्या जागी बरोबर होते.

२०/ इतिहासाच्या अभ्यासकाला यातून साधनांविषयी एक धडा मिळतो. ‘ओकामी’ चांगला की वाईट, हे मत एकटे वाचून उपयोग नाही. ते कोणत्या वर्षी, कोणत्या यंत्रावर, आधी काय खेळलेल्या माणसाने दिले, हे विचारावे लागते. बखरीचा कर्ता कोणाच्या पदरी होता हे पाहावे लागते, तसेच हे. खेळाडूच्या हातात काय होते, हा त्याच्या मताचा अर्धा संदर्भ आहे.

२१/ डिसेंबर २०२४ मध्ये ‘ओकामी’च्या नव्या उत्तरभागाची घोषणा झाली आणि दिग्दर्शनाची सूत्रे पुन्हा हिदेकी कामिया यांच्याकडे आली. त्यांच्या नव्या स्टुडिओचे नाव ‘क्लोव्हर्स’. मोडलेल्या स्टुडिओचे नाव एका अक्षराच्या फरकाने परत आले, ते कमी खपलेल्या या खेळाची आठवण खेळाडूंनी अठरा वर्षे जपली म्हणून. त्यांनी कुंचल्याची स्तुती केली, झटक्याला नावे ठेवली आणि गाळलेली श्रेयनामावली विसरू दिली नाही. सुमी-एची रेघ खोडता येत नाही. या रेघेचेही तसेच झाले.