चार नंबर वॉर्डातले नातलग

परळच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग २०११ पर्यंत ३७ वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, तरी त्यांच्या अंगावर एकही बेडसोअर नव्हता. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही याची दखल घेतली. घरातल्या आजारी माणसाची कूस रोज बदलणाऱ्याला विचारा, यात किती कष्ट आहेत ते.

अरुणा मूळच्या कर्नाटकातल्या हळदीपूरच्या, केईएममध्येच परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी तिथल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने त्यांचा गळा आवळला. मेंदूचा प्राणवायू तुटला. पुढे नातेवाइकांचं येणं थांबलं आणि भरवणं, पुसणं सगळं सिस्टरांकडे आलं. घास कुस्करून द्यावा लागे. १ जूनला वाढदिवस व्हायचा. महापालिकेने त्यांना दुसरीकडे हलवायचं म्हटलं, तेव्हा सिस्टर आडव्या आल्या.

२००९ मध्ये पत्रकार पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या: हे भरवणं थांबवा, तिला शांतपणे जाऊ द्या. अरुणांच्या वतीने बोलायचं कुणी, हा खरा पेच होता. विराणींनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं होतं, तरी ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने हा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. त्यांना अरुणा हव्या होत्या. अर्ज फेटाळला गेला.

त्याच निकालाने इतर रुग्णांसाठी मात्र वाट उघडली. उपचार थांबवण्याचा निर्णय आईवडील, जोडीदार किंवा जवळच्या आप्तांनी घ्यावा, पण उच्च न्यायालयाच्या मंजुरीनेच. इस्टेटीसाठी नातलग डॉक्टरांशी संगनमत करू शकतात, अशी भीती न्यायमूर्तींनी बोलून दाखवली. ती अगदीच अनाठायी म्हणवत नाही. पण व्हेंटिलेटरवरच्या माणसासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढणार कोण? २०१८ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही अट काढून वैद्यकीय मंडळं आणली, उपचारांबाबत आधीच लिहून ठेवलेलं इच्छापत्रही (लिव्हिंग विल) मान्य केलं. २०२३ मध्ये प्रक्रिया आणखी सुटसुटीत झाली. इच्छापत्र नसेल तर आजही घरच्यांच्या संमतीशिवाय पान हलत नाही.

१८ मे २०१५ ला अरुणा न्यूमोनियाने गेल्या. नातलग आले, तेव्हा ‘इतकी वर्षं कुठे होतात?’ म्हणून सिस्टरांनी हरकत घेतली. अखेर भोईवाड्याच्या स्मशानभूमीत केईएमचे अधिष्ठाता आणि अरुणांचा भाचा, दोघांनी मिळून अग्नी दिला.