गाईड, टीका आणि उघड्या टपाची मोटार

मराठीच्या वर्गात ‘गाईड’ हा शब्द आपण सहसा नाक मुरडूनच उच्चारतो. विद्यार्थ्याच्या पिशवीत मूळ कादंबरीऐवजी गाईड सापडले की वाईट वाटते, आणि ते रास्तही आहे. परंतु विद्यार्थी गाईडाकडे का वळतो, हे आपण स्वतःला क्वचितच विचारतो. एका बाजूला कलाकृती, दुसऱ्या बाजूला जाणकारांनी जाणकारांसाठी लिहिलेली समीक्षा, आणि या दोहोंच्या मधल्या मोकळ्या जागेत नवखा वाचक एकटा उभा. दुसरा कोणी हात देत नाही, म्हणून तो गाईडाचा हात धरतो. या प्रश्नाकडे आम्हांला नव्याने पाहायला लावले ते साहित्याच्या नव्हे, मोटारींच्या इतिहासाने. एका लहानशा, उघड्या टपाच्या, दोन आसनांच्या इंग्रजी गाडीने पुस्तकाचा एक नवा प्रकार जन्माला घातला. ती गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांनीही ऐकावी अशी आहे.

ही गाडी म्हणजे ऑस्टिन-हीली स्प्राइट. मे १९५८मध्ये ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने ती बाजारात आणली. आराखडा डोनाल्ड हीली यांच्या संस्थेचा आणि बांधणी ॲबिंग्डन येथील एमजीच्या कारखान्यातली. स्पोर्ट्‌स कार म्हटली की श्रीमंतांचा शौक डोळ्यांपुढे येतो. स्प्राइटचा हेतू नेमका उलटा होता. तिचे ९४८ सी.सी.चे, ४३ अश्वशक्तीचे इंजिन ऑस्टिन ए-३५ या साध्यासुध्या घरगुती गाडीतले, आणि स्टिअरिंगचा रॅक मॉरिस मायनरमधला. पुढचे दिवे आत-बाहेर होणारे असावेत अशी मूळ कल्पना होती. खर्चापायी ती सोडावी लागली आणि दिवे बॉनेटवर कायमचे उभे राहिले. लोकांनी तिला ‘बेडूकडोळी’ म्हटले ते त्यामुळेच. दाराला बाहेरून कडी नाही, मागे डिकीचे झाकण नाही. सामान आसनांच्या मागून आत सरकवायचे. हीटर आणि पुढचा बंपरसुद्धा जादा पैसे भरून घ्यायचे. १९६१पर्यंत अशा सुमारे ४९,००० गाड्या तयार झाल्या.

अशी गाडी घेणारा बहुधा तरुण असे, आणि थोड्याच वर्षांत ती जुन्या बाजारात आली तेव्हा तर अगदीच बेताच्या खिशाचा. त्याला मिळे वारा, आकाश आणि वळणावर गाडी हातात खेळण्याचा आनंद. पण त्याच्या बदल्यात गाडी रोज काहीतरी मागत असे. पुढच्या चाकांना वळवणाऱ्या किंगपिनांना नियमाने ग्रीस गनने ग्रीस भरावे लागे. न भरल्यास त्या झिजत आणि दुरुस्ती महागात पडे. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट घासून जागेवर आणावे लागत. टॅपेटमधली फट साधारण ०.३ मिलिमीटर राखावी लागे. ती फीलर गेजच्या पातळ पात्याने मोजायची. एस.यू. जातीचे दोन कार्ब्युरेटर असत. त्यांच्या डोक्यावरची टोपी उघडून आत पातळ तेल घालायचे, आणि दोन्ही सारखी हवा ओढतात की नाही हे रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून ऐकायचे. दोन्हींचा फुत्कार सारखा आला की जोडी जुळली. कापडी टप सांगाड्यावर स्वतःच्या हातांनी चढवायचा आणि ओला असताना कधीही घडी घालून ठेवायचा नाही. नाहीतर बुरशी धरते.

हे सारे त्या नवख्या मालकाने शिकायचे कुठून? त्याच्यासमोर दोन पुस्तके होती. पहिले गाडीबरोबर मिळणारे मालकाचे माहितीपुस्तक. ते वाचकाला चालक समजे: तेल कुठे घालावे, चाक कसे बदलावे एवढे सांगून अवघड कामासाठी विक्रेत्याच्या कार्यशाळेची वाट दाखवी. दुसरे कंपनीचे अधिकृत कार्यशाळा-पुस्तक. ते वाचकाला प्रशिक्षित मिस्त्री समजे. त्याच्या हाताशी कंपनीची खास क्रमांकित अवजारे आहेत, त्याने हे इंजिन पूर्वी दहादा उघडले आहे, असे गृहीत धरूनच त्यातले वाक्य सुरू होई. पहिल्या पुस्तकाला वाचकावर विश्वास नव्हता. दुसऱ्याला त्याच्या अज्ञानाची कल्पना नव्हती. ज्याला येत नाही पण शिकायचे आहे, असा तिसरा वाचक या दोन्ही पुस्तकांच्या लेखी अस्तित्वातच नव्हता.

तो वाचक पाहिला जॉन हेन्स यांनी. १९३८ साली श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये, जन्मलेल्या या माणसाने इंग्लंडमध्ये शाळेत असतानाच ऑस्टिन सेव्हन या जुन्या गाडीची हलकी, उघडी स्पोर्ट्‌स कार करून पाहिली होती. ती कशी केली याची पुस्तिका त्यांनी १९५६मध्ये स्वतःच काढली, आणि तिच्या २५० प्रती दहा दिवसांत संपल्या. पुढे ते ब्रिटिश हवाई दलात अधिकारी झाले आणि १९६५ साली त्यांची नेमणूक एडनला झाली. एडन हे नाव मराठी वाचकाला परके नाही. वासुदेव बळवंत फडके यांचा शेवट १८८३ साली तिथल्याच तुरुंगात झाला, तेव्हा ते बंदर मुंबई इलाख्याच्या कारभाराखाली होते. त्याच एडनमध्ये हेन्स यांच्या एका सहकाऱ्याने खिळखिळी झालेली बेडूकडोळी स्प्राइट विकत घेतली आणि इंजिन दुरुस्त करण्यासाठी त्यांची मदत मागितली. कंपनीचे पुस्तक सामान्य माणसाच्या उपयोगाचे नाही, हे काम सुरू होताच हेन्स यांच्या लक्षात आले. त्यांनी कॅमेरा विकत आणला आणि इंजिन सुटे करण्याची व पुन्हा जोडण्याची प्रत्येक पायरी छायाचित्रांत पकडली. त्यातून १९६६ साली स्प्राइटवरचे पहिले हेन्स मॅन्युअल निघाले. ३,००० प्रतींची आवृत्ती तीन महिन्यांच्या आत संपली.

या पुस्तकाचे वेगळेपण चित्रांत नव्हते. ते लेखकाच्या भूमिकेत होते. कंपनीच्या पुस्तकाचा लेखक गाडी बनवणाऱ्याच्या बाजूने बोलतो; त्याला ती कशी असायला हवी हे ठाऊक असते. हेन्सचा लेखक गाडी उघडणाऱ्याच्या बाजूने बोलतो. त्याच्यासमोर गंजलेला बोल्ट आणि घरात असतील तेवढेच पाने असतात. प्रत्येक पुस्तकासाठी गाडी प्रत्यक्ष सुटी करून पुन्हा जोडायची, हा त्या प्रकाशनाचा दंडक झाला. ज्या क्रमाने लेखकाचे हात गेले, त्याच क्रमाने वाक्ये येत. लेखकाने स्वतः केलेली कृती वाचकाने पुन्हा करायची, एवढा साधा करार. अर्थात त्या करारातही एक पळवाट होती. उकलण्याचे सविस्तर वर्णन झाले की जोडणी उलट क्रमाने करावी, असे एका ओळीत सांगून पुस्तक मोकळे होई. या ओळीवर मालकांच्या पिढ्यान्‌पिढ्या हसत आल्या आहेत. कारण उकलणे आणि जोडणे ही एकमेकांची प्रतिबिंबे नसतात. कविता वर्गात सुटी करून दाखवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे निराळे सांगायला नको.

पुस्तक हाती आले की मालकाला एक गोष्ट फार लवकर उमगे: देखभाल म्हणजे नुसते झिजलेले बदलणे नव्हे, तर गाडीचा भार कुठे पेलला जातो हे ओळखणे. बंद गाडीत छप्परही ताकद देते. उघड्या गाडीला ते नाही. शिवाय स्प्राइटला स्वतंत्र चॅसी नव्हती, पत्र्याचा सांगाडाच सर्व काही पेलत असे. त्यामुळे दाराखाली लांबवर जाणारी पेटीसारखी पोकळ पट्टी, म्हणजे सिल, हाच तिचा कणा. तिथेच पाणी साचते, तिथेच गंज आतून खातो, आणि वरून रंग मात्र चकचकीत राहतो. जुनी स्प्राइट घेणाऱ्याने म्हणून आधी इंजिनाचा आवाज ऐकू नये. दार आणि सांगाडा यांमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का ते पाहावे. फट असमान असेल तर बहुधा कणा वाकू लागला आहे. सिल कापून नवी बसवताना दाराच्या चौकटीला आधी आडवे आधार द्यावे लागतात, नाहीतर गाडी मधोमध दबते आणि मग दार पुन्हा कधीच नीट लागत नाही.

सुधारणांचा मोह याच्या पुढचा. स्प्राइटचे इंजिन ‘ए’ मालिकेतले. हीच मालिका मॉरिस मायनरमध्ये आणि १९५९च्या मिनीमध्येही होती. भंगारातल्या घरगुती गाडीचा भाग स्पोर्ट्‌स कारला बसे, आणि १०९८ किंवा १२७५ सी.सी.चे पुढचे इंजिनही थोड्या खटपटीने चढे. परंतु अनुभवी मालक नवख्याला वेगळाच क्रम सांगत: आधी थांबणे, मग वळणे, शेवटी वेग. मूळ गाडीत चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. १९६२च्या अखेरीस आलेल्या मॉडेलचे पुढचे डिस्क ब्रेक आधी बसवावेत. मग चांगले टायर आणि वळणावर गाडी कलू न देणारा पुढचा अँटी-रोल बार. पॉइंटांच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा लहानसा संच डिस्ट्रिब्युटरच्या आतच मावतो. तो सुधारणेइतकाच देखभालीतही मोडतो, कारण दर वेळी पॉइंट घासण्याचे काम त्याने संपते. मोठे इंजिन या सर्वांनंतर. जुने ब्रेक तसेच ठेवून इंजिन वाढवणे म्हणजे संकटाला आमंत्रण.

आपल्याकडे अँबॅसडरमध्ये वर्षानुवर्षे धावलेले १४८९ सी.सी.चे इंजिन याच ब्रिटिश कंपनीच्या ‘बी’ मालिकेतले. तेच एमजीए या उघड्या टपाच्या गाडीतही होते. त्या इंजिनाचे ज्ञान आपल्याकडे पुस्तकातून नव्हे, तर गॅरेजात उस्तादाकडून पोऱ्याकडे गेले. ते ज्ञान कमी प्रतीचे होते असे कोणी म्हणू नये. मात्र ते मालकापर्यंत पोचत नसे. तो बाकावर बसून चहा पीत वाट पाहत असे.

ॲबिंग्डनचा कारखाना ऑक्टोबर १९८०मध्ये बंद झाला. त्या परंपरेला नवे आयुष्य मिळाले ते जपानमध्ये. अमेरिकी मोटार-पत्रकार बॉब हॉल यांनी १९७९ साली माझ्दाच्या केनिची यामामोतो यांना स्वस्त, हलकी, उघडी गाडी करण्याची कल्पना सुचवली होती. फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात एमएक्स-५ अवतरली. रूप इंग्रजी, पण तेल न गळणारी आणि रोज सकाळी चालू होणारी. तरी देखभाल संपली नाही, ती फक्त दृष्टीआड झाली. पहिल्या पिढीच्या टपाची मागची खिडकी प्लास्टिकची. टप खाली घेण्यापूर्वी तिची चेन उघडून ती आडवी करावी लागते, नाहीतर प्लास्टिकला घडी पडून ते तडकते. टपावरचे पाणी आसनांच्या मागच्या बारीक नळ्यांतून खाली जाते. त्यांत पालापाचोळा अडकला की पाणी सिलमध्ये शिरते. इंजिनाचा टायमिंग बेल्ट सुमारे एक लाख किलोमीटरला बदलायचा. तीस वर्षांनी, निराळ्या देशातल्या निराळ्या गाडीतही नवख्या मालकाला पहिला धडा मिळतो तो सिल आणि पाणी यांचाच.

त्यानंतरच्या गाड्यांत दोष शोधायलाच संगणक लागू लागला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ साली कायदा करून विक्रेत्यांना मिळणारी दुरुस्तीची माहिती मालकांना आणि स्वतंत्र गॅरेजांनाही द्यायला लावली. म्हणजे स्वतःची वस्तू उघडून पाहण्यासाठी आता कायद्याचा आधार लागतो. हेन्स २०१९ साली वारले. डिसेंबर २०२०मध्ये त्यांच्या प्रकाशनाने नव्या मोटारींची छापील मॅन्युअल काढणे थांबवत असल्याचे जाहीर केले. जुन्या पुस्तकांची छपाई चालू राहणार होती. बंद झाला तो ‘नवा मालक’ हा छापील पुस्तकाचा वाचक.

हा इतिहास आम्हांला केवळ मोटारींचा वाटत नाही. एखादी वस्तू आपली होते ती पावती हाती आल्यावर की ती उघडून पुन्हा मिटता आल्यावर, असा प्रश्न तो विचारतो. साहित्यकृतीबाबतही तो तितकाच खरा आहे. जुन्या अर्थाने ‘टीका’ म्हणजे दोषदर्शन नव्हे. ग्रंथ उलगडून दुसऱ्याच्या हाती देणे. बाजारातले गाईड वाईट ठरते ते सोपे असल्यामुळे नव्हे. त्याच्या लेखकाने मूळ पुस्तक स्वतः उकललेले नसते आणि वाचकानेही ते उकलू नये अशीच त्याची सोय असते, म्हणून ते वाईट. हेन्सचे पुस्तकही गाईडच होते, पण ते वाचकाला पाना हाती घ्यायला लावून संपत असे. आपण विद्यार्थ्यांच्या पिशवीतले गाईड काढून घेतो, तेव्हा त्या रिकाम्या जागी काय ठेवतो? जाणकारांसाठी लिहिलेले कार्यशाळा-पुस्तक ठेवत असू, तर तो पुन्हा गाईडाकडेच जाईल. आपण स्वतः एकदा हात काळे करून, उकललेल्या क्रमाने लिहिलेले काहीतरी तिथे ठेवायला हवे. आणि जोडणी उलट क्रमाने करावी असे एका ओळीत सांगून मोकळे होण्याचा मोह मात्र टाळायला हवा.