मलेरियाची तपासणी: रक्ताची काच मायक्रोस्कोपखाली कशी पाहतात?

थंडी वाजून ताप आला की डॉक्टर मलेरियासाठी रक्ताची तपासणी सांगतात. रक्ताचा थेंब काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली पाहिला जातो. रिपोर्टमध्ये ‘परजीवी आढळले नाहीत’ असे आले की घरचे निर्धास्त होतात. पण हा रिपोर्ट कसा तयार होतो हे माहीत असले, तर त्यावर किती विसंबायचे हेही कळते.

मायक्रोस्कोपचे मुख्य भाग

• आयपीस: डोळा लावायचे वरचे भिंग. ते साधारणपणे 10 पट मोठे दाखवते.
• ऑब्जेक्टिव्ह: फिरत्या चकतीवर बसवलेली खालची भिंगे. ती सहसा 4, 10, 40 आणि 100 पटींची असतात.
• स्टेज: काच ठेवण्याचा सपाट भाग. काच मागे-पुढे सरकवण्याची सोय त्यावर असते.
• दिवा, कंडेन्सर आणि डायफ्रॅम: दिव्याचा प्रकाश कंडेन्सर काचेवर एकवटतो. डायफ्रॅमने तो कमी-जास्त करता येतो.
• फोकसचे दोन स्क्रू: मोठ्याने चित्र दिसू लागते, छोट्याने ते स्पष्ट होते.

आयपीस आणि ऑब्जेक्टिव्ह यांच्या पटींचा गुणाकार केला की एकूण मोठेपणा कळतो. 10 गुणिले 100 म्हणजे 1000 पट. लाल रक्तपेशीचा व्यास जेमतेम 7 ते 8 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी असतो. मलेरियाचा परजीवी या पेशीच्या आत असतो, म्हणून एवढी ताकद लागते.

काच कशी पाहतात?

1. रक्ताचे दोन थर करतात. जाड थरात थोड्या जागेत जास्त रक्त तपासता येते, त्यामुळे परजीवी शोधणे सोपे जाते. पातळ थरात पेशी सुट्या दिसतात, म्हणून परजीवीची जात ओळखता येते.
2. थर वाळवून त्यांना रंग देतात.
3. आधी कमी ताकदीच्या भिंगाखाली योग्य जागा निवडतात.
4. मग काचेवर खास तेलाचा थेंब टाकून 100 पटींचे भिंग त्यात टेकवतात. तेलामुळे काच आणि भिंग यांच्या मधल्या हवेत प्रकाश वाकून वाया जात नाही.
5. छोट्या स्क्रूने फोकस करत, काच सरकवत एकेक भाग तपासतात. जाड थराचे किमान 100 भाग पाहिल्याशिवाय ‘आढळले नाहीत’ असे लिहायचे नसते.

निगेटिव्ह रिपोर्ट आला तरी मलेरिया असू शकतो का?

हो. सुरुवातीला रक्तात परजीवी फार थोडे असू शकतात. फॅल्सिपॅरम या गंभीर प्रकारात परजीवी असलेल्या बऱ्याच पेशी अवयवांतल्या बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून राहतात, त्यामुळे काचेवर कमी दिसतात. रक्त देण्याआधी मलेरियाच्या गोळ्या घेतल्या असतील, तरीही परजीवी सापडणे कठीण होते.

म्हणून मलेरियाची शंका कायम असेल, तर 12 ते 24 तासांच्या अंतराने तपासणी पुन्हा करतात. एकूण तीनदा करावी लागू शकते. डॉक्टरांनी पुन्हा रक्त मागितले म्हणजे आधीची तपासणी चुकली असे समजू नका.

रॅपिड किटची तपासणी लवकर होते. पण काही किट उपचारानंतरही अनेक दिवस पॉझिटिव्ह दाखवतात. औषध लागू पडते आहे की नाही, हे काचेवरच्या परजीवींच्या संख्येवरून कळते.

तुम्ही काय करावे?

• मलेरियाच्या गोळ्या सुरू करण्याआधी रक्त द्या. आधीच घेतल्या असतील तर तसे सांगा.
• रक्त देण्यासाठी ताप चढण्याची वाट पाहू नका.
• रिपोर्टमध्ये व्हायवॅक्स आहे की फॅल्सिपॅरम, हे विचारा. दोन्हींचे उपचार वेगळे असतात.
• गुंगी, झटके, धाप, कावीळ, सततच्या उलट्या किंवा लघवी कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर रिपोर्ट निगेटिव्ह असला तरी रुग्णाला लगेच रुग्णालयात न्या. गर्भवती आणि लहान मुलांच्या बाबतीत तर साध्या तापातही उशीर करू नका.